हिशेब मागणाऱ्या बाई

1900 साली शिकागोच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक शिक्षकांना कबूल केलेली पगारवाढ मागे घेतली. कारण आपल्याही ओळखीचं आहे : तिजोरीत पैसा नाही. शिक्षक म्हणजे जवळजवळ सगळ्या बायका. वर्ग मुलांनी खचाखच भरलेले, त्यात युरोपातून नुकत्याच आलेल्या मजुरांची कितीतरी मुलं. या बायकांना साधा मताचा अधिकारही नव्हता. मात्र 1897 मध्ये त्यांनी ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ ही स्वतःची संघटना उभी केली होती. मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन या तिच्या पुढारी. पैसा नाही, हे उत्तर ऐकून त्या परत फिरल्या नाहीत. नाही तर गेला कुठे, असं विचारत त्या करखात्याच्या दप्तरात शिरल्या.

तिथे सापडलं ते असं. ट्राम, गॅस, वीज आणि टेलिफोनच्या कंपन्यांना शहराचे रस्ते वापरण्याचे हक्क मिळाले होते. त्या हक्कांच्या किमतीवर कर बसायला हवा, असं कायदा सांगत होता. प्रत्यक्षात तो बसवलाच जात नव्हता. शिक्षिका कोर्टात गेल्या आणि 1901 मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे संघीय न्यायालयाने रक्कम बरीच खाली आणली, तरी सुमारे 6 लाख डॉलरचा कर कंपन्यांना भरावा लागला. शाळांच्या वाट्याला आलेला पैसा मंडळाने पगारवाढीऐवजी इतर खर्चाकडे वळवला, तेव्हा त्या पुन्हा कोर्टात गेल्या. 1904 मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी तो निकालही शिक्षिकांच्या बाजूने दिला.

ही लढाई स्वतःच्या पगारासाठी सुरू झाली होती, आणि ते झाकण्याचं काही कारण नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पगाराचा माग काढता काढता त्या साऱ्या शहराच्या तिजोरीपर्यंत पोचल्या. वसूल झालेला कर एकट्या शिक्षिकांचा नव्हता, सगळ्या शिकागोचा होता.

शिकागोत ही लढाई सुरू होण्याच्या 18 वर्षं आधी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं होतं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, ही त्यातली मुख्य तक्रार. स्थानिक उपकराचा निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची मागणी होती. त्याच निवेदनात शिक्षकाबद्दलही लिहिलं आहे : तो प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातला असावा, आणि त्याचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तर त्याहून जास्त असावा. कर कोण भरतो, मूल कोणाचं शिकतं आणि शिकवणाऱ्याला काय मिळतं, हे तीन प्रश्न जोतीरावांनी वेगळे केलेच नाहीत. शिक्षक संघटनांच्या अधिवेशनात जोतीराव-सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्या मंचावरून हे निवेदनही वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हे प्रश्न एकमेकांपासून तुटले. 14 मार्च 2023 रोजी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली होती, ती परत हवी होती. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगाव पोचली. मागणी रास्त होती, आजही आहे. म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर सोपवलेल्या माणसाने गावाची पोरं निर्धास्तपणे घडवावीत, ही अपेक्षाच चुकीची. पण संप आठवड्याभरात मिटला, आणि त्या दिवसांत पारावर सहानुभूतीपेक्षा कुरबुरच जास्त होती. एवढा पगार असून आणखी काय हवं, असं ज्याच्या म्हाताऱ्या आईबापांना पेन्शन नाही तो शेतकरी म्हणणारच. त्याला दोष देता येत नाही. वर्षानुवर्षं संघटना त्याच्या दारात गेली ती स्वतःचा प्रश्न घेऊन.

त्याच्या पोराचा प्रश्न तर त्याच वेळी दारात उभा होता. 20 किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारे 15 हजार शाळांची मोजदाद सरकारदरबारी झाली होती, आणि त्यांच्याऐवजी समूह शाळा काढण्याची भाषा सुरू झाली होती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातल्या वाडीवर, पावसाळ्यात ओढा भरून वाहत असताना, सहा वर्षांच्या मुलीसाठी हे अंतर किती मोठं असतं ते तिच्या आईला विचारावं.

पट का घटतो, हे गुरुजींइतकं कोणालाच ठाऊक नाही. संच मान्यतेत पटावरून पदं ठरतात. पट थोडा घसरला की एक गुरुजी अतिरिक्त ठरतात आणि त्यांचं समायोजन दुसरीकडे होतं. उरलेल्या एकाकडे चार इयत्ता, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, मतदारयाद्यांसाठी बीएलओचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सूट दिली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. आणि निवडणुकीच्या वाटेने किती कामं आत येतात ते शाळेत बसलं की दिसतं. मग एखादा बाप म्हणतो, इथे शिकवायला माणूसच कुठे आहे? तो कर्ज काढतो आणि पोराला इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवतो. पट आणखी घटतो, आणखी एक पद जातं. या साखळीच्या एका टोकाला गुरुजींची नोकरी बांधलेली आहे आणि दुसऱ्या टोकाला वाडीवरची शाळा.

सप्टेंबर 2024 मध्ये ही दोन्ही टोकं पहिल्यांदा उघडपणे एकत्र आली. कमी पटाच्या शाळांत कायम शिक्षकाऐवजी 15 हजार रुपये महिन्यावर कंत्राटी किंवा निवृत्त शिक्षक नेमायचं ठरलं, तेव्हा शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. कायम शिक्षकाची ही मागणी एकट्या शिक्षकांची नव्हती.

सभासदांची कामं संघटनेने सोडावीत, असं मी मुळीच म्हणत नाही. 2023 पर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला 6 हजार रुपये मिळत; 16 हजारांपर्यंत जायला केवढा पाठपुरावा लागला! विनाअनुदानित शाळांतली माणसं उमेदीची वर्षं बिनपगारी राबली, आझाद मैदानावर पावसात बसली. अशा माणसांच्या पाठीशी उभं राहणं हे संघटनेचं पहिलं काम. भेदरलेला शिक्षक वर्गात निर्भयपणाचा पाठ शिकवू शकत नाही. पण शिक्षक बँकांच्या निवडणुकांत पॅनेलं उभी करण्यात जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्मा जरी शाळा वाचवण्यात लागला असता, तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

शिकागोतच पुढे 2012 मध्ये हे काम कसं करावं ते दिसलं. तिथल्या शिक्षकांना संपासाठी 75 टक्के सभासदांची संमती मिळवण्याची अट कायद्याने घातली होती. जवळजवळ 90 टक्क्यांनी होकार दिला. पण त्याआधी कॅरन लुईस या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेच्या नेतृत्वाखाली संघटनेने शहरातल्या मुलांना कशी शाळा मिळायला हवी, याचा अहवाल काढला होता : लहान वर्ग, कला-संगीत, ग्रंथालयं, परिचारिका. संपाच्या दिवसांत मोठ्या संख्येने पालक रस्त्यावर शिक्षकांबरोबर चालले. तरीही पुढच्याच वर्षी सुमारे 50 शाळा बंद झाल्या, त्याही मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. संघटना प्रत्येक वेळी जिंकत नाही. 2019 मध्ये मात्र पुन्हा संप करून प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजसेवक नेमण्याचा करार तिने मिळवला.

आपल्याकडच्या प्राथमिक शिक्षकाची आणखी एक अडचण आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना मत आहे, प्राथमिकच्या गुरुजींना नाही. शिकागोच्या त्या बिनमताच्या बायकांसारखंच त्यांना जोर शोधायचा तर पालकांमध्येच शोधावा लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या बायका असाव्यात असं कायदा सांगतो. 26 जानेवारीला ग्रामसभा भरते. त्याआधी तालुक्यातली रिक्त पदं, संच मान्यतेत गेलेली पदं, एकशिक्षकी शाळांची यादी आणि जिल्हा परिषदेचा शिक्षणावरचा खर्च, हे सगळं साध्या मराठीत दोन पानांवर छापून प्रत्येक समितीच्या हातात देणं संघटनेला सहज जमेल. आकडे गुरुजींनीच वर पाठवलेले असतात. पेन्शनची मागणीही त्याच कागदावर असावी, खाली बारीक अक्षरांत नव्हे, बाकीच्यांच्या बरोबरीने. मग ग्रामसभेत प्रश्न गुरुजींनी विचारू नयेत, समितीतल्या आयांनी विचारावेत.