‘म्हणे’च्या खाली काय आहे?

अकरावीतल्या मुलीचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायला आम्ही परवा मोठ्या हौसेने बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. शब्द होता ‘सब्स्टॅन्शिएट’. “म्हणजे सिद्ध करणे,” असे आम्ही सांगून मोकळे झालो. “मग ‘प्रूव्ह’ म्हणजे काय?” तिने विचारले. आली का पंचाईत! शेवटी शब्दकोश काढला.

आपण जे म्हणतो त्याला पुराव्याचा आधार देणे, असा या क्रियापदाचा अर्थ. शब्द मूळचा लॅटिन. ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. वरचे बोलणे पेलायला खाली काहीतरी भक्कम उभे असावे लागते, घराला जोते लागते तसे. मराठीत आपण ‘साधार’ म्हणतो. आणि जोते नसलेल्या बोलण्यासाठी आपल्याकडे एक छोटासा शब्द आहे: ‘म्हणे’. “अमक्याच्या घरी असे झाले म्हणे.” कोण म्हणे, कधी म्हणे, कशावरून म्हणे, काही पत्ता नसतो.

या ‘म्हणे’ने काय होते ते आपल्या खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर गावोगाव पोहोचले होते. बाजारात पाच परके पुरुष आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले. जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. “कुणाचे मूल हरवले आहे?” एवढा एकच प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राला मर्यादा घालता येते. जिभेला कोण घालणार?

जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, २२ जानेवारी २०२५ रोजी पुष्पक एक्सप्रेसला आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेले प्रवासी रुळांवर उतरले आणि शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जण मृत्युमुखी पडले.

या दोन घटना सारख्या नाहीत. डब्यातून उडी मारणाऱ्याला आपण दोष देणार नाही. ‘आग’ असे ऐकल्यावर पुरावा मागत कोण बसेल? स्वतःचा जीव वाचवायला भीती पुरते. पण दुसऱ्यावर हात उचलायला, नुसते बोट दाखवायलासुद्धा, भीती पुरत नाही. तिथे आधार लागतो आणि तो देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते. राईनपाड्यातील त्या पाच जणांना आपण निर्दोष आहोत हे पटवून देण्याइतका अवधीही मिळाला नाही. खरे तर ते ओझे त्यांचे नव्हतेच.

कोणी म्हणेल, “पण सगळेच तसे सांगत होते!” दानीएलच्या ग्रंथातील १३ व्या अध्यायात सुसान्नेची गोष्ट आहे. दोन वडीलधाऱ्यांनी तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला. साक्षीदार दोन, दोघेही मानाचे. लोकांनी तिला मृत्युदंड ठरवूनही टाकला. तरुण दानीएलने त्या दोघांना वेगळे केले आणि एकच साधा प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन वेगवेगळी झाडे सांगितली आणि सुसान्नेचे प्राण वाचले. तोंडे किती आहेत यावरून आधार ठरत नाही. दहा मोबाइलवरून आलेला निरोप पुष्कळदा एकाच तोंडातून निघालेला असतो.

इथे एक शंका येते. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले ना? मग आपण भाविकांनी पुरावे का मागावेत? आम्हाला वाटते, यात दोन गोष्टींची गल्लत होते. परमेश्वरावर विश्वास ठेवताना आपण स्वतःचे आयुष्य त्याच्या हाती सोपवतो. शेजाऱ्याविषयी वाईट गोष्ट न पाहता खरी मानतो तेव्हा पणाला लागते ती त्याची अब्रू. पहिली श्रद्धा, दुसरा नुसता उतावळेपणा. म्हणून तर आठव्या आज्ञेविषयी शिकवताना ख्रिस्तसभा खोट्या साक्षीपाशी थांबत नाही. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हाही ती अपराधच समजते. आणि शंका घेणाऱ्या थोमाला प्रभूने हाकलून दिले नाही. त्याला आपल्या जखमा दाखवल्या.

दुसऱ्यांचे कशाला सांगा? काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने वर्गणीचे पैसे ठेवून घेतले, असे आम्हीच तीन-चार घरी बोलून बसलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पुढे त्यांच्याकडे पै-पैच्या पावत्या निघाल्या. आम्ही त्यांची क्षमा मागितली, त्यांनी मोठ्या मनाने केलीही. पण ज्या घरी आम्ही ते बोललो होतो, तिथे पुन्हा जाऊन “आमचे चुकले” असे सांगायला आमचे पाय उचलले नाहीत. कोण जाणे, त्या घरांत ते गृहस्थ अजूनही पैसे खाणारेच असतील.

मुलीने त्या शब्दाचे वाक्य करून वही आमच्यापुढे धरली. त्याला आपला आरोप साधार करता आला नाही, म्हणून त्याने तो मागे घेतला, अशा अर्थाचे. इंग्रजी बरोबर होते. आम्ही सही केली आणि गप्प बसलो.

या आठवड्यात त्या घरांकडे जायचे ठरवले आहे. आपल्यापैकी कुणाचे असे एखादे घर राहिले असेल, तर सोबत होईल.