नदीकडे तोंड करून

मनन म्हटलं की डोळे मिटायचे, अशी आपल्याला सवय आहे. आज डोळे उघडे ठेवा. आज ज्याकडे लक्ष द्यायचं ते आत नाही, समोर आहे, आणि वाहतं आहे.

सिंगापुरातल्या नोव्हेना मेट्रो स्थानकातून बाहेर या. टॅन टॉक सेंग रुग्णालयाच्या इमारती मागे राहू द्या. बालेस्टियर रस्ता ओलांडा आणि सन यात-सेन यांच्या स्मारक-बंगल्याजवळच्या बागेतून पुढे चला. मग एक कठडा लागेल. तिथे उभे राहा. खाली काँक्रीटच्या भिंतींमधून पाणी चाललंय. ही सुंगेई व्हाम्पोआ, म्हणजे व्हाम्पोआ नदी. एकोणिसाव्या शतकातल्या हू आ के या चिनी व्यापाऱ्याला सगळे व्हाम्पोआ म्हणूनच ओळखत. त्याचं नाव या नदीला लागलं आणि आजूबाजूच्या वस्तीलाही.

तुम्हाला वाटेल, हा तर नाला. वाटू द्या. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आलेल्या माणसाच्या मनात नदी म्हणजे घाट, पायऱ्या, पाण्यात उतरलेली माणसं, पलीकडच्या काठावरचं देऊळ. इथे त्यातलं काहीच नाही. भिंती सरळ आहेत, तळ सपाट आहे, आणि पाऊस नसेल तर मधोमध एक पातळ धार. पण आत्ता पाऊस नुकताच थांबलाय असं समजा. सिंगापुरात वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिने येऊन-जाऊन असतो, त्यामुळे असं समजणं अवघड नाही. पाणी गढूळ आहे, वेगात आहे. एखादं पान दिसलं तर त्याच्यावर नजर ठेवा. ते वळणाआड जाईपर्यंत पाहा. मग दुसरं पान शोधा.

एवढंच करा, थोडा वेळ. मनात विचार येतील. त्यांना हाकलू नका. नजर पानावर असू द्या.

आता ते पान जिथे गेलं तिथे मनाने जा. व्हाम्पोआ पुढे कालांग नदीच्या खोऱ्यात उतरते. कालांग ही सिंगापुरातली सर्वांत लांब नदी. लांब म्हणजे जेमतेम दहा किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या अंतरात नदी धड गावाची वेसही ओलांडत नाही. लोअर पिअर्स जलाशयाकडून निघून ती बिशान, टोआ पायो, कालांग अशी शहराच्या मधून जाते. पूर्वी ती समुद्राला मिळत असे. २००८ मध्ये मरीना बराज बांधलं गेलं, मुखाशी बांध आला, खारं पाणी बाहेर राहिलं आणि आत पावसाचं गोडं पाणी साठत गेलं. आज ते पाणी शुद्ध करून शहर पितं. बेटाच्या एकूण जमिनीपैकी जवळजवळ एक-षष्ठांश जमिनीवरचं पावसाचं पाणी या एकाच साठ्यात येतं. नोव्हेनातलं बहुतेक पाणीही तिथेच जातं.

इथे थांबा. हे नुसतं कळून पुरत नाही, त्याच्यासोबत थोडं बसावं लागतं. कठड्याखालून गेलेलं पाणी, रुग्णालयाच्या छपरावरून उतरलेलं पाणी, बसथांब्याजवळच्या जाळीतून खाली गेलेलं पाणी. त्यासोबत जे जे गेलं ते ते. आणि काही काळाने कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला नळ. या सगळ्याच्या मध्ये दुसरा कुठलाही पाणलोट नाही, दुसरा डोंगर नाही. ओंजळ धरल्यासारखे दोन्ही हात जुळवा आणि त्यात काय काय येऊ शकतं याचा विचार करा.

आता पाण्याच्या उलट दिशेने, मागे जाऊ. सन १९७७. तेव्हाची कालांग आणि सिंगापूर नदी काळी होती, दुर्गंधीने भरलेली होती. काठावर झोपड्या, मासळी-भाजीचे बाजार, डुकरांचे गोठे, बदकांची खुराडी, आणि त्या सगळ्यांचं सांडपाणी थेट पात्रात. त्या वर्षी फेब्रुवारीत अपर पिअर्स जलाशयाच्या समारंभात पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांची मुदत घातली: या नद्यांत पुन्हा मासे यायला हवेत, गळ टाकता यायला हवा. १९८७ पर्यंत ते घडलं. जगभर या कामाचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे.

पण कौतुकाकडे वळण्याआधी ज्यांना उठावं लागलं त्यांच्यापाशी थांबूया. सुमारे २६,००० कुटुंबं हलवली गेली. कालांगच्या खोऱ्यातल्या डुकरं पाळण्याच्या सहाशेहून जास्त आणि बदकं पाळण्याच्या पाचशेच्या घरातल्या जागा बंद झाल्या. रस्त्यावरच्या हजारो विक्रेत्यांना बाजारगाळ्यांत नेलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या माल वाहणाऱ्या पडाववाल्यांना १९८३ मध्ये नदी सोडून पासिर पांजांगला जावं लागलं. बहुतेकांना नळाची, विजेची पक्की घरं मिळाली. काहींचा पिढीजात धंदा मात्र त्या दिवशी संपला. हे सगळं भल्यासाठीच झालं, असं म्हणून पुढे सरकायचा मोह होतो. मला तो मोह आवरावासा वाटतो. एका माणसाची कल्पना करा. त्याची बदकं विकली गेली आहेत, आणि बाराव्या मजल्यावरच्या नव्या घराच्या खिडकीतून तो खाली बघतोय. त्याला काय वाटत असेल ते आपण ठरवायचं नाही. त्याच्या शेजारी थोडा वेळ उभं राहायचं. आज ज्या स्वच्छ पाण्याकडे आपण बघतोय त्यात त्याचाही वाटा आहे, आणि त्याच्या नावाची पाटी कुठेही नाही.

नदी स्वच्छ झाली. मग?

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो काळ इथून पुढचा. मोहीम संपली, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कचरा यायला लागला: थर्माकोलचे डबे, चहाच्या पिशव्या, प्लास्टिकच्या बाटल्या. पाण्यावर ठिकठिकाणी तरंगते अडसर बांधलेले असतात, त्यांत हे अडकतं आणि कर्मचारी ते रोज काढतात. पण नदी त्यांच्यावरच सोडून द्यायची नाही, असं काही नागरिकांनी ठरवलं. १९९८ मध्ये यूजीन हेंग यांनी थोड्या मित्रांना घेऊन वॉटरवेज वॉच सोसायटी सुरू केली. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी होडीत बसतात, सायकलीवर काठाने फिरतात, लांब चिमट्यांनी कचरा वेचतात, शाळकरी मुलांना सोबत नेऊन त्यांच्या हातात चिमटा देतात. पाव शतकाहून अधिक काळ हे चालू आहे.

आता स्वतःला त्या होडीत बसवा. ऊन वर आलंय. पुढे एक बाटली तरंगते आहे. होडी हळूच वळते. तुम्ही वाकता, बाटली उचलता, आतलं पाणी ओतून देता, पिशवीत टाकता. पुढे आणखी एक. पुढच्या आठवड्यात याच जागी अशीच बाटली असणार हे तुम्हाला ठाऊक आहे. हे ठाऊक असूनही हात पुढे होतो का, एवढंच बघा. मन म्हणेल, याचा उपयोग काय. त्याला उत्तर द्यायची घाई करू नका. आपल्या अंगणात पहाटे सडा घालून रांगोळी काढणाऱ्या बाईला दुपारपर्यंत ती पुसली जाणार हे माहीत असतं, आणि दुसऱ्या पहाटे ती पुन्हा बसते. तिला कुणी उपयोग विचारत नाही.

नदी सुंदर आहे म्हणून लोक तिची राखण करतात, असा क्रम आपण सहज धरतो. मला तो उलटा दिसतो. कालांगच्या काठावर आज जी शोभा आहे, फिरायला येणारी कुटुंबं आहेत, होडीवाले आहेत, ते सगळं राखण करणाऱ्यांमागून आलं. ज्यांनी पहिल्यांदा चिमटा हातात घेतला त्यांच्यासमोर चित्रासारखं दृश्य नव्हतं. म्हणून व्हाम्पोआच्या या भिंतींकडे बघून 'इथे राखण्यासारखं काय आहे' असं मनात आलं, तर त्या प्रश्नाची दिशा फिरवून बघा.

कालांगचाच वरचा भाग आठवा, बिशान-आंग मो कियो पार्कमधला. तिथेही असाच सरळ काँक्रीटचा नाला होता, २.७ किलोमीटर लांब. तो फोडला गेला आणि २०१२ पर्यंत त्याच्या जागी ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी आली, गवताच्या, दगडांच्या, मुळांनी धरलेल्या काठांची. पावसात ती पसरते, ओसरली की लोक पाण्याजवळ उतरतात. मग पाणमांजरं आली. १९७० च्या दशकात ती सिंगापुरातून जवळजवळ दिसेनाशी झाली होती. गोव्यात चोडण बेटाच्या खाडीत दिसतात तीच ही जात. आज शहरातले लोक त्यांच्या कुटुंबांची वंशावळ सांगतात, ती रस्ता ओलांडताना गाड्या थांबवतात, पिल्लू अडकलं तर सोडवायला धावतात. नदीला मोकळं केलं यंत्रणेने. पण त्या मोकळ्या नदीसोबत राहायला शिकले ते शेजारी.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा. आता आपल्या गावच्या नदीला मनात येऊ द्या. माझ्या मनात पुण्याची मुठा येते. विठ्ठलवाडीच्या काठावर 'जीवितनदी' या संस्थेची माणसं वर्षानुवर्षं नदीचा एक तुकडा दत्तक घेतल्यासारखी जपतात: कचरा काढतात, पाणी तपासतात, काठावरची झाडं आणि पक्षी ओळखायला शिकवतात, नदीला मुठाई म्हणून तिचा उत्सव करतात. २०२३ मध्ये नदीसुधारणेच्या नावाखाली काठावरची झाडं जाणार म्हटल्यावर हजारो पुणेकर मोर्चाने रस्त्यावर आले. तिथे नदीचे काठ बांधून काढायचं चाललंय, आणि इथे बांधलेला काठ फोडून नदी मोकळी केली आहे. या दोन चित्रांना शेजारी शेजारी ठेवा आणि नुसतं पाहा. मला हे बघताना वाईट वाटतं, आणि राग येतो. तुम्हालाही आला तर त्याला येऊ द्या. रागही लक्ष देण्याचाच एक प्रकार आहे.

आता शेवटची जागा. नकाशात ती नोव्हेनातच मोडते, पण इथे वर्दळ नाही. बुकिट ब्राउन. १९२२ मध्ये सुरू झालेली आणि १९७३ मध्ये बंद झालेली चिनी दफनभूमी, सुमारे एक लाख कबरींची. पावसाने धुतलेल्या टेकड्या, उंच झाडांवर चढलेले नेचे, मधूनच वाहणारे छोटे ओढे. श्रीमंत चिनी व्यापाऱ्यांच्या काही कबरींपुढे दगडी शीख पहारेकरी उभे आहेत, पगडी घातलेले, बंदूक घेतलेले. परक्या देशातल्या मृतांची राखण करणारे आपल्या देशातल्या माणसांचे पुतळे. त्यांच्यासमोर गेल्यावर पाय आपोआप थबकतात.

२०११ मध्ये इथून आठपदरी रस्ता जाणार असं जाहीर झालं. लोकांनी विरोध केला. निसर्गप्रेमी संस्था, इतिहासाचे अभ्यासक, आणि कुठल्याही संस्थेत नसलेले साधे शेजारी एकत्र आले. 'ऑल थिंग्ज बुकिट ब्राउन' या नावाने स्वयंसेवक शनिवार-रविवारी फेऱ्या काढू लागले. लोक त्यांना प्रेमाने ब्राउनीज म्हणतात. झाडीत हरवलेल्या कबरी शोधल्या गेल्या, नातलगांना त्यांचे पूर्वज सापडले. चिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या कबरींना भेट देण्याच्या, दिवसांत तिथे येणारी कुटुंबं पाहिली तर आपल्याकडचा पितृपंधरवडा आठवावा. २०१४ च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचच्या, म्हणजे धोक्यातल्या वारसास्थळांच्या, यादीतही ही जागा आली.

रस्ता मात्र झाला. चार हजारांहून अधिक कबरी उकरल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये लॉर्नी हायवेवर वाहनं धावू लागली. लोकांच्या आग्रहातून एवढं साधलं की उकरण्याआधी त्या कबरींची काळजीपूर्वक नोंद झाली, आणि दरीवरचा भाग पुलावरून नेला गेला, म्हणजे खालचे ओढे वाहते राहतील, प्राण्यांना जाता-येता येईल.

ही हार होती की नाही, हे मनात लगेच ठरवू नका. पुलाखाली उभे आहात असं समजा. वर गाड्यांचा सलग आवाज. पायाशी ओलसर माती, आणि तिच्यातून जाणारी पाण्याची बारीक रेघ. ती रेघ तिथे आहे, कारण कुणीतरी सभेत उठून तिच्याबद्दल बोललं. उरलेली टेकडीही पुढे कधीतरी घरांसाठी लागणार, असं शासनाच्या आराखड्यात आहे. हे माहीत असूनही रस्ता झाल्यानंतर ब्राउनीजच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. ते अजूनही नव्या माणसाला आत नेतात, गवत बाजूला सारून शिलालेख वाचून दाखवतात, ओढा ओलांडताना हात देतात.

तुम्ही नोव्हेनात राहत असाल, किंवा मुलाकडे, सुनेकडे महिनाभर आला असाल, तर एकदा त्यांच्यासोबत जा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डासांसाठी काहीतरी लावा, पाण्याची बाटली घ्या आणि ती परत घेऊन या. नातवंडं असतील तर त्यांनाही न्या, आणि चालताना त्यांच्याशी मराठीतून त्या पगडीवाल्या पहारेकऱ्यांबद्दल बोला.