सबुरीची धाव

मावळातल्या शिरगावला लोक प्रतिशिर्डी म्हणतात. श्रद्धा आणि सबुरी सांगणाऱ्या साईबाबांचं मंदिर तिथे आहे. त्याच मावळात, लोणावळ्याच्या चढउतारांवर, टाटा अल्ट्रा शर्यतीत हौशी धावपटू अंधारातच निघून ५० किलोमीटर धावले आहेत. नोकरी आणि घर सांभाळून पहाटे सराव करणारी ही माणसं. वर्षाचा हिशोब मांडताना ती पदकांइतकंच दुखावलेल्या गुडघ्याबद्दल आणि अर्ध्यावर सोडलेल्या शर्यतीबद्दलही मोकळेपणानं बोलतात. दुखावलेला स्नायू भरून यायला विश्रांती लागते, म्हणून थांबणं हाही सरावच. आपल्या वर्षाच्या हिशोबातही या थांब्यांना मानाची जागा देऊया. श्रद्धा पाऊल उचलायला लावते, सबुरी मुक्कामाला पोहोचवते.