रकान्यात आहे, धड्यात नाही

शाळा मुलाला पहिल्याच दिवशी जात विचारते. मूल अजून स्वतःचं नाक पुसायला शिकलेलं नसतं, पण त्याची पोटजात रजिस्टरात जाऊन बसलेली असते. एवढं आस्थेनं लिहून घेतल्यावर पुढली दहा वर्षं तीच शाळा त्याला शिकवते, की जातिभेद पूर्वी होता, मग समाजसुधारक आले आणि तो गेला. कुठे गेला हे विचारायचं नाही. रजिस्टरात गेला!

रकाना पुसा, असं मी म्हणत नाही. तो पुसला तर शिष्यवृत्ती अडते, आजोबांच्या दाखल्यावाचून जात पडताळणी अडते. २०२३ साली तर कुणबी नोंदींसाठी सरकारनं जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम सासरच्या जावयाचा मान आला. प्रश्न एवढाच, की रकान्यात जे इतकं महत्त्वाचं, ते धड्यात का नाही?

इतिहासाच्या पुस्तकांवरून आपण भांडत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. दादोजी कोंडदेव महाराजांचे गुरू की नव्हेत, या वादात डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातला त्यांचा पुतळा हलला. २०१२ साली अकरावीच्या पुस्तकातल्या, मूळ १९४९ च्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला आणि पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. २०१७ साली राज्याच्या नव्या पुस्तकांत मोगल आक्रसले. मराठ्यांना ज्यासाठी सत्तावीस वर्षं लढावं लागलं, ते समितीनं काही पानांत उरकलं. ही सगळी भांडणं मोठा कोण होता याची. पाणी कोण कुणाला वरून ओतत होतं, यावरून मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

आमचे मामा असोद्याचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यामुळे शिक्षणाविषयी असोद्यात कोणी फार रुबाबात बोलत नाही. मामा बोलतात. हिवाळ्यात मळ्यात वांगी भाजायला टाकली की त्यांना विशेष कंठ फुटतो.

“तुमची ती पुस्तकाची कमिटी ना, भरीतच करते रे भाऊ! भाजा, साल काढा, देठ फेका, कुटा. खाणाऱ्याच्या दाताखाली काही आलं नाही पाहिजे.”

“पण लहान लेकरांच्या डोक्यात कशाला घालायचं ते?” मामी म्हणाली.

मामीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नऊ वर्षांच्या पोरानं पणजोबाच्या विहिरीचा हिशेब का द्यावा? ही पंचाईत आपलीच आहे असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्यांची गुलामी मोडली म्हणून. त्याच अमेरिकेत २०२१ पासून काही राज्यांनी कायदे केले, की आपल्या वंशापायी मुलाला अपराधी वाटेल असं वर्गात शिकवू नये. जोतीराव असते तर अर्पणपत्रिका परत मागवती झाली असती.

मामांनी वांगं उलटं केलं आणि आपल्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. गाव दूरचं होतं. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागे, हे त्यांनी वाचून दाखवलं आणि अख्खा वर्ग मान वळवून एकाच मुलाकडे बघू लागला. तो मुलगा खाली बघत पाटीची कड खरवडत राहिला.

“ज्याला बसवलं त्याच्याकडे सगळे बघतात,” मामा म्हणाले. “बसवणाऱ्याकडे बघणार कसे? तो पुस्तकात पाहिजे ना!”

मामा अस्सल मास्तर. त्यांनी इतिहासाचं पुस्तक मिटलं, व्याकरणाचा तास लावला आणि फळ्यावर लिहिलं: ‘त्यांना वेगळे बसवले जाई.’ प्रयोग ओळखा. भावे, सर. कर्ता? वर्ग गप्प. शेवटी एक हुशार मुलगी उठली, “सर, कर्ता अध्याहृत आहे.”

“मग घरी विचारून या,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच चार कर्ते शाळेच्या दारात उभे होते. गुरुजींना भेटायला.