परक्या भाषेच्या उंबरठ्यावर

शहापूरचे एखादे जुने घर जागचे तसूभरही हललेले नाही. पण त्या घरावरचे राज्य मात्र आठ-नऊ वर्षांत दोनदा बदलले. १९४८ पर्यंत हे गाव सांगली संस्थानात होते. संस्थान विलीन झाले आणि गाव मुंबई प्रांतात आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली व ते म्हैसूर राज्यात गेले. त्याच राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. कन्नड बोलणारे शेजारी येथे पूर्वीपासून होतेच; परंतु आता कचेरीची भाषाही कन्नड झाली. आपण कोठेही न जाता परका मुलूखच आपल्या दाराशी आला, असे पुष्कळांना वाटले.

सीमेचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. आपल्या भाषेचा हक्क मागण्यात काही गैर आहे, असेही आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. परक्या भाषेत व परक्या रीतींत दिवस काढावे लागले, तर माणूस आतून वाढतो की खुरटतो?

याचे उत्तर आम्हांला पुस्तकातून मिळाले नाही. विशी सरता सरता नोकरीनिमित्त आम्ही गदगला गेलो व तेथे पाच वर्षे राहिलो. लहानपणापासून कन्नड कानांवर पडत होते, पण ते बाजारात भाव विचारण्यापुरते. पहिली दोन वर्षे आम्ही तेथे राहिलो म्हणण्यापेक्षा दिवस मोजले. कोणी काही विचारले की 'गोत्तिल्ल', म्हणजे ठाऊक नाही, असे म्हणावे आणि सुटावे. रविवारी उपासनेस जात असू. पण शेवटच्या बाकावर बसून, उपदेश चालू असता मांडीवर आपले मराठी पवित्र शास्त्र उघडून वाचीत असू. या लोकांपाशी आम्हांला शिकण्यासारखे काय आहे, असा भाव मनात होता. आमच्यापाशी ईश्वरविज्ञानाची पदविका होती ना!

एके दिवशी शेजारच्या वृद्ध बाईंचा कर्ता मुलगा वारला. पाळकसाहेब परगावी होते. जमलेल्या मंडळीने आमच्याकडे पाहिले. आपण उपदेशक आहात, प्रार्थना करा, असे सांगितले. आम्ही उभे राहिलो आणि कन्नडचा एक शब्द तोंडातून फुटेना. शेवटी मराठीतच प्रार्थना केली. सर्वांनी 'आमेन' म्हटले. पण त्या माउलीने मान वर करून आमच्याकडे पाहिले, तेव्हा कळले की आमच्या बोलण्यातले काहीच तिच्यापर्यंत पोहोचलेले नाही. दोन वर्षे तिच्या घरचे ताक आम्ही प्यालो होतो. आणि तिच्या दुःखाच्या घटकेला तिला देण्यासारखे एक वाक्य आमच्यापाशी नव्हते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आठवडाभराने तिच्याच चौथीतल्या नातवापुढे वही घेऊन बसलो. आमचे उच्चार ऐकून तो पोरगा पोट धरधरून हसे. पदविकेचा सारा ताठा त्या हसण्यात गळून पडला. सहा महिन्यांनी त्याच घरी आम्ही कन्नडमध्ये प्रार्थना केली. मराठीत आमची प्रार्थना दहा मिनिटे चाले. ही चार वाक्यांत संपली. शब्दच तेवढे होते! पण त्या चार वाक्यांत मंडळीला ऐकवण्यासाठी घातलेला एकही शब्द नव्हता. आपण इतके दिवस देवाशी बोलत होतो की लोकांशी, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम उमगले.

वाचकहो, आम्हांला वाटते ते हे. परक्या मुलखात नुसते राहिल्याने माणूस वाढत नाही; दिवस मोजीत तेथे जन्म काढता येतो. तेथे शिष्य होऊन बसल्याने तो वाढतो. ज्या भाषेत आपण मोठे असतो, तिच्यात आपला गर्व आपल्याला दिसत नाही. ज्या भाषेत आपण लहान असतो, तिच्यात तो झाकता येत नाही.

कोणी म्हणतील, असे शिकता शिकता आपले असलेलेच हरवले तर? ही भीती खोटी नाही. म्हणूनच दानीएलाचे उदाहरण लक्षात घ्यावे. तो बाबेलास स्वखुशीने गेला नव्हता. त्याला धरून नेले होते, त्याचे नावही बदलले होते. तरी तो खास्द्यांची भाषा व विद्या मन लावून शिकला. राजाच्या पंक्तीचे अन्न मात्र त्याने नाकारले, आणि यरुशलेमेच्या दिशेची आपली खिडकी उघडी ठेवली. काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विवेक त्याच्यापाशी होता.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या व तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी आपल्या इंग्रज धर्मगुरुभगिनीस विचारला. पुढे अमेरिकेत त्यांनी बालशिक्षणाची नवी पद्धती शिकून घेतली, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडून ते ज्ञान आपल्या भगिनींच्या सेवेस लावले.

आपल्या जवळचा दाखला धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांचा. त्यांच्या घरची भाषा मराठी, पण ते कन्नडचे थोर कवी झाले व १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. म्हणून मराठी त्यांना सुटली नाही. त्यांनी मराठीतही लिहिले. दुसरी भाषा आत आली की पहिलीला बाहेर जावे लागते, असे नाही.

आज आपली मुले बंगळूरला जातात, आखाती देशांत जातात. निघताना आपण त्यांना लोणच्याची बरणी व पवित्र शास्त्र देतो. त्यांबरोबर एवढे सांगावे की, बाळा, तेथे कोणाचा तरी विद्यार्थी हो. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना पत्र लिहून, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे कळवले होते. ज्यांची भाषा आपण कानाआड करतो, त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना कशी होणार?

आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. आपल्या वर्गात कन्नड घरातले एखादे मूल असेल. पाठ म्हणताना ते अडखळेल आणि बाकीची मुले हसतील. आम्ही पदविका घेतलेले प्रौढ होतो, म्हणून ते हसणे आम्हांला औषध झाले. लहान मुलाला त्याची जखम होते. अशा वेळी त्या मुलालाच विचारा, 'हे तुझ्या भाषेत कसे म्हणतात?' आणि साऱ्या वर्गाला, स्वतःलाही, तो शब्द त्याच्याकडून शिकू द्या.