घाण्याचे फेरे

लोहगडावर, सुधागडावर आणि सह्याद्रीतल्या आणखी कित्येक किल्ल्यांवर दगडात बांधलेला एक गोल चर दिसतो. त्याच्या कडेला, नाहीतर जवळच्या झुडपात, मधोमध भोक असलेलं जाडजूड दगडी चाक पडलेलं असतं. हा चुन्याचा घाणा. येणाजाणाऱ्यांना ते मोठं जातं वाटतं. त्याच्याशेजारी फोटो निघतात आणि माणसं पुढच्या बुरुजाकडे वळतात. गावाकडे, जुन्या देवळांच्या आणि पडक्या वाड्यांच्या आवारात, अशीच चाकं बेवारस सापडतात. हल्ली त्यांना मागणी आली आहे ती फार्महाऊसच्या हिरवळीवर ठेवण्यासाठी. चाक तिथे गेलं की फुटत नाही, विकलंही जात नाही. पण त्याला वाचवलं असं मी म्हणणार नाही. का, ते समजायला घाणा नेमकं काय करत होता हे आधी पाहावं लागतं.

चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, उकळतो, वाफा सोडतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. भट्टीत जे गेलं तेच भिंतीत परत येतं. मात्र हे बाहेरून आत, फार सावकाश घडतं. जाड भिंतीच्या पोटात तर वर्षानुवर्षं.

नुसत्या चुन्याने भिंत उभी राहत नाही. त्यात वाळू हवी, भाजक्या विटांची पूड म्हणजे सुरखी हवी. ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर हेही पडत असे. हे सगळं चरात टाकायचं, मधल्या खुंट्याला आडवं लाकूड जोडायचं, त्यात चाक ओवायचं आणि बैल फिरवायचे. चाक माल नुसता ढवळत नाही, दाबतं. वाळूच्या प्रत्येक कणाभोवती चुन्याचा पातळ लेप बसतो, सुरखी त्यात पार मुरते आणि पाणी कमी लागतं. कमी पाणी म्हणजे वाळताना कमी तडे. काँक्रीट कालवायचं फिरतं पिंप माल उलटापालटा करतं, त्याच्यावर वजन देत नाही. म्हणून त्यातून निघालेला चुना भरभरीत राहतो, आणि घाण्यातला थापीवर लोण्यासारखा पसरतो. हातात घेतल्याबरोबर गवंड्याला हा फरक कळतो.

मग सिमेंट आलं. इंग्लंडात जोसेफ अस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं होतं, पण आपल्याकडे चुना पुढे बराच काळ टिकून होता. सिमेंट काही तासांत आवळतं, पोत्यातून येतं, कामाच्या जागी त्याला ना भट्टी लागते ना बैल. नव्या बांधकामात त्याने चुन्याला मागे टाकलं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्या भिंतींवर ते थापलं गेलं याची. चुन्यातली भिंत ओलावा घेते आणि सोडते. पाया थोडा बसला तर ती थोडी वाकते. केसाएवढी चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिथेच पुन्हा साचून ती बुजवतो. अशा भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की मावळातल्या चार महिन्यांच्या पावसाचं पाणी वरून आत शिरतं, पण बाहेर यायची वाट बंद होते. आतला जुना, मऊ गाभा भिजत राहतो. विटेच्या वाड्यात तर आणखी वाईट: ओल विटेतून वाट काढते, बरोबर क्षार आणते, आणि दरज शाबूत राहून वीटच झडते. डागडुजी टिकते, मूळ वस्तू जाते. माझ्या मते गेल्या काही पिढ्यांत जुन्या वास्तूंना चांगल्या हेतूने झालेली ही सर्वांत मोठी इजा आहे.

जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, लोहगड त्यांतला एक. डागडुजीची कामं आता वाढतील आणि ती चुन्यातच व्हायला हवीत. म्हणजे घाण्याचं मूळ काम संपलेलं नाही. ते करून घेणारं कोणी मधल्या काळात उरलं नव्हतं, एवढंच. किल्ल्यावरचं जुनं चाक हलवू नये. ते जिथे पडलं आहे ती जागाही इतिहासाचा पुरावा असते, आणि संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय हात लावणं गुन्हाच आहे. पण त्याचं माप घेऊन पाथरवटाकडून नवं चाक घडवता येतं, पायथ्याच्या गावात चर बांधता येतो. बैलाऐवजी मोटर लावली तरी माझी हरकत नाही, कारण महत्त्व दाबाला आणि फेऱ्यांना आहे. गावात बेवारस पडलेलं चाक मिळालं, ग्रामपंचायतीने होकार दिला, तर तेच पुन्हा चरात उभं करावं. ते झिजेल. झिजू द्यावं, ते त्यासाठीच घडवलेलं आहे.

चाकापेक्षा कठीण आहे ते माणूस मिळणं. माल कधी तयार झाला, पाणी कधी थांबवायचं, सुरखी कितपत बारीक हवी, हे हाताने ओळखणारे गवंडी आता म्हातारे झाले आहेत. घाणा हिरवळीवर उभा राहिला तर त्यांच्याकडे कोणी विचारायला जात नाही. तो फिरू लागला की पहिल्याच दिवशी अडचण येते आणि त्यांना घरून बोलवावंच लागतं. त्यांच्या हाताखाली दोन-चार पोरं लावायची असतील तर आधीच्या हंगामापासून तयारी हवी: चुना पावसाळ्यापूर्वी खड्ड्यात विरवायला टाकायचा, वर पाणी ठेवून चार महिने तसाच मुरू द्यायचा, दसऱ्यानंतर घाण्यात घालायचा, आणि भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं टाकून त्या रोज शिंपायच्या.