नवसाचे ऋण

मराठीत कर्ज फेडतात आणि नवसही फेडतात. दोहोंस एकच क्रियापद लावून आपल्या भाषेने जे सहज मान्य केले आहे, तेच इस्लामी परंपरेत एका मुलीच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आहे. जुहैना कबिल्यातील एका स्त्रीने प्रेषित मुहंमदांना विचारले की, माझ्या आईने हजचा नवस केला होता, परंतु तो पुरा होण्याआधीच ती वारली, तर तिच्या वतीने मी हज करू काय? त्यावर, आईच्या डोक्यावर कुणाचे कर्ज असते तर तू ते फेडले असतेसच, मग ईश्वराचे देणे तर त्याहून अगत्याने फेडावयास हवे, असा निर्वाळा प्रेषितांनी दिला.

परंतु हजच्या नवसाला लावलेला हा कर्जफेडीचा न्याय उपवासाला लावताना अडचण येते. नाणे कुणाच्या हातून आले हे सावकार पाहत नसला, तरी उपवासात देहाचा क्लेश आणि मनाचा संकल्प हेच नाणे असते. शिवाय मनुष्याला स्वतःच्या प्रयत्नाचेच फळ मिळते, असे कुराणाच्या 53व्या सुरेत सांगितले आहे. म्हणून हनफी शास्त्रकारांनी मृताच्या राहिलेल्या रोज्यांबद्दल वारसाने उपवास न करता दर रोज्यामागे एका गरिबाला अन्न द्यावे, आणि तशी वसीयत असल्यास तो खर्च मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शातून व्हावा, असे ठरविले. इमाम अहमद इब्न हंबल यांनी रमजानचा रोजा वेगळा मानून नवसाचा रोजा तेवढा वारसाने धरावा असे म्हटले. आणि कोकणी मुसलमान ज्या शाफिई पंथाचे अनुयायी आहेत, त्यातील इमाम नववींनी आप्ताला दोन्ही रोज्यांची मुभा दिली.

कर्जफेडीचा न्याय आणि स्वतःच्याच प्रयत्नाचे फळ यांतला हा विरोध मला अटळ वाटत नाही. मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते अशा तीन गोष्टींत, वाहते दान आणि उपयुक्त विद्या यांच्या जोडीने, प्रेषितांनी सदाचारी अपत्याची प्रार्थना गणली आहे. म्हणजे अपत्य हेही आईबापांच्या प्रयत्नाचेच फळ होय. दिवंगत आईच्या नवसाचा रोजा धरून जी मुलगी सूर्यास्ताला खजूर हाती घेते, तिच्या ठायी संकल्प आईचा असतो, भूक तेवढी तिची असते.

खजरज कबिल्याचे सरदार साद इब्न उबादा यांची आई वारली तेव्हा ते परगावी होते. तिच्या राहिलेल्या नवसाबद्दल त्यांनी प्रेषितांना विचारले, तिच्या नावे केलेले दान तिला पोहोचेल काय हेही विचारले, आणि होकार मिळताच प्रेषितांनाच साक्षी ठेवून आपली फळांची बाग त्यांनी आईसाठी दान केली. अंतकाळी जवळ नसलेल्या मुलाला आईची सेवा करण्याची वाट धर्माने अशी मोकळी ठेवली.